दामाजीची पावती आणि उजनीचं पाणी

मंगळवेढ्यात दामाजी दोन आहेत. एक देवळात, दुसरे कारखान्यावर. देवळातल्या दामाजीपंतांनी पंधराव्या शतकातल्या दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार उपाशी लोकांसाठी उघडलं, अशी कथा आहे. दुसरे म्हणजे संत दामाजी सहकारी साखर कारखाना. गाळप हंगामात तिथे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. सोलापूर जिल्ह्यात देवासंतांची नावं कारखान्यांना देण्याची रीतच आहे. वेणुनगरला विठ्ठल, श्रीपूरला पांडुरंग, कुमठ्याला सिद्धेश्वर. नाव देताना संचालक मंडळाच्या मनात भक्ती होती की सभासदांची मतं, हा वाद बाजूला ठेवू. पण दामाजीचं नाव कारखान्याला दिलं, तेव्हा त्याच्या गोष्टीतला एक अवघड प्रश्नही नकळत कारखान्याच्या दारात येऊन बसला.

प्रश्न कोठाराचा आहे. उसापासून आणि धान्यापासून इंधन काढणाऱ्याला सरकार करात सूट देतं, कर्जाच्या व्याजाचा वाटा उचलतं, खरेदीचा भाव बांधून देतं. हे सगळं कुणाच्या कोठारातून जातं? आणि किल्ली कमरेला आहे म्हणून दार उघडायचा अधिकारही आपोआप मिळतो का?

दामाजीची गोष्ट महिपतीने १७६२ सालच्या ‘भक्तविजया’त सांगितली आहे. अंमल बहामनी बादशहाचा, मंगळवेढ्याचा कारभार पंतांकडे. आत धान्य आहे, बाहेर माणसं मरताहेत. पंतांनी दार उघडलं. कुणीतरी चुगली केली, बादशहाच्या राजधानीहून, बेदरहून, हुकूम सुटला आणि पंतांना धरून न्यायला शिपाई आले. यापुढचा भाग लोक कीर्तनात डोळे पुसत ऐकतात, त्यामुळे त्यातला हिशेब निसटतो. विठोबा विठू महाराच्या वेशात बेदरच्या दरबारात जातो, धान्याचा पैसा थैलीतून ओततो आणि रीतसर पावती घेतो.

देवाला कोठार रातोरात भरता आलं असतं. बादशहाची मती फिरवून माफी मिळवता आली असती. गोष्ट घडवणाऱ्या पिढ्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी देवाला पैसे भरायला लावले. कोठार बादशहाचं असलं तरी ते भरलं होतं रयतेच्या सारापट्टीने. म्हणून त्यातून निघालेल्या दाण्याचा हिशेब लागला पाहिजे, मग तो उपाशी माणसाच्या पोटात गेलेला का असेना. चमत्काराच्या कथेत पावती असणं ही मोठी विलक्षण गोष्ट आहे, आणि आज इंधनाच्या सवलतींबद्दल बोलताना नेमकी तीच सापडत नाही.

ती न सापडण्याचं कारण सवलतीच्या स्वरूपातच आहे. सरकारने रस्ता बांधला तर रस्ता दिसतो. कर सोडला तर काय दिसतं? वैशेषिक दर्शनात द्रव्य, गुण, कर्म अशा पदार्थांच्या यादीत पुढच्या आचार्यांनी सातवा पदार्थ मानला तो अभाव. जमिनीवर घागर नाही, तर हे ‘घागर नसणं’ही जाणता येतं, त्याचे प्रकार पाडता येतात, असं त्यांचं म्हणणं. घागर घडण्याआधी होता तो प्रागभाव, फुटल्यावर झाला तो प्रध्वंसाभाव. न घेतलेला कर हा अगदी असाच पदार्थ आहे. तिजोरीत तो नसतो, पण त्याचं नसणं खरं असतं. केंद्रीय अर्थसंकल्पाबरोबर २००६-०७ पासून या अभावाचं एक विवरण येऊ लागलं. सुरुवातीची काही वर्षं त्याच्या नावात ‘सोडून दिलेला महसूल’ असे शब्द होते. मग नाव बदललं आणि ‘कर-प्रोत्साहनांचा महसुलावरील परिणाम’ अशा अर्थाचं झालं. सोडून दिलं म्हटलं की कुणी सोडलं, कुणासाठी सोडलं, असं विचारावंसं वाटतं. परिणाम म्हटलं की ते हवामानासारखं वाटतं. झाला परिणाम, काय करणार.

इथेनॉलपुरतं हे नसणं मोजता येतं. जुलै २०१८ मध्ये पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. पेट्रोल स्वतः जीएसटीच्या बाहेर असल्याने तेल कंपन्यांना या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे कमी झालेला दर हा त्यांचा खराखुरा वाचलेला पैसा. बी-हेवी, म्हणजे थोडी साखर राखलेल्या, मळीपासूनच्या इथेनॉलचा भाव २०२४-२५ मध्ये लिटरला ६० रुपये ७३ पैसे होता. त्याचे १३ टक्के म्हणजे लिटरमागे आठ रुपयांना थोडे कमी. शिवाय २०१८ पासूनच्या योजनांत डिस्टिलरी उभारणाऱ्याच्या कर्जावर वर्षाला ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मं, यातलं जे कमी असेल तेवढं व्याज सरकार पाच वर्षं भरतं. २०२२ च्या अर्थसंकल्पाने उलट्या बाजूनेही टोचणी लावली आणि मिश्रण न केलेल्या पेट्रोलवर लिटरला २ रुपये जादा उत्पादन शुल्काची घोषणा केली. मिश्रणाचं प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचलं. आधी २० टक्क्यांसाठी २०३० साल ठरलं होतं.

पंपावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत यातलं काय आलं? नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात म्हटलं होतं की जुन्या बांधणीच्या चारचाकींचं इंधन-कार्यक्षमतेचं नुकसान ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचं ३ ते ४ टक्के होईल, म्हणून ग्राहकाला किमतीत किंवा करात काही परत द्यावं. ती शिफारस कागदावर राहिली. सूट कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली, तेल कंपनीच्या टाकीपर्यंत गेली; नळीच्या तोंडाशी येईतो आटली.

इथे गंमत म्हणून मद्यार्काची भावकीही पाहण्यासारखी आहे. एकाच मळीतून, एकाच भट्टीतून आलेला अर्क. तो बाटलीत गेला की राज्य सरकार त्यावर जबर कर घेतं, कारण ते व्यसन. त्यातलं पाणी आणखी काढून, पिता येणार नाही असं काही मिसळून तो मोटारीच्या टाकीत घातला की तो राष्ट्रकार्याला लागतो आणि करात सवलत मिळवतो. कर द्रव्यावर नाही, हेतूवर बसतो. औद्योगिक मद्यार्कावर अधिकार केंद्राचा की राज्याचा, या भांडणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींना बसावं लागलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी आठ विरुद्ध एक मतांनी राज्यांच्या बाजूने निकाल दिला. पापपुण्याची हद्द आखायला घटनापीठ लागलं.

सूट देणं मुळातच वाईट, असं म्हणणारा माणूस या मातीतला नव्हे. मराठेशाहीत पडीक जमीन वहितीला आणणाऱ्याला इस्तावा मिळे. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल चढत चढत पूर्ण दर. त्याचं आश्वासन लेखी असे, त्याला कौल म्हणत. कौटिल्य आणखी काटेकोर आहे. नवा तलाव किंवा बंधारा बांधणाऱ्याला पाच वर्षं करमाफी, मोडलेला दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षं, गाळ-झुडपांनी बुजलेला साफ करणाऱ्याला तीन. या माफीला त्याचा शब्द परिहार. आणि ताकीदही आहे: ज्या परिहाराने पुढे कोश वाढेल तोच द्यावा, कोश घटवणारा देऊ नये, रिकाम्या कोशाचा राजा शेवटी प्रजेलाच खातो.

पाच वर्षं तेव्हाही, पाच वर्षं आताही. योगायोग मोठा छान आहे, पण कौटिल्याची पाच वर्षं पाणी साठवणाऱ्याला होती.

आणि ती संपत. अमेरिकेने १९७८ मध्ये इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला संघीय करात सूट दिली. रूप बदलत, मुदत वाढत ती ३१ डिसेंबर २०११ पर्यंत चालली. तात्पुरत्या मदतीला संपायला तेहतीस वर्षं लागली. मक्याच्या पट्ट्यातले मतदार आणि उसाच्या पट्ट्यातले मतदार यांच्यात या बाबतीत सातासमुद्रांचं अंतर दिसत नाही.

तळ्याचा विषय निघाला की सोलापूरकर सिद्धेश्वरांकडे, म्हणजे सिद्धरामांकडेच, वळणार. बाराव्या शतकात, सोलापूरला सोन्नलिगे म्हणत त्या काळात, सिद्धरामांनी इथे तळं खोदवलं. आजही शहराच्या मध्यभागी त्या पाण्यात मंदिर उभं आहे. वीरशैव परंपरेत या तळ्याविषयी एक प्रसंग सांगतात. अल्लमप्रभू इथे आले तेव्हा काम जोरात चालू होतं. सगळे सिद्धरामांना वाखाणत असताना या फटकळ योग्याने कामावरच बोट ठेवलं: बाहेरची माती उपसतोस, आतली कधी उपसणार? लोककल्याणाच्या कामातही ‘मी केलं’ हा गाळ साठतोच, असा त्याचा रोख. मोठी खडाजंगी झाली. पुढे सिद्धराम कल्याणला बसवण्णांच्या अनुभवमंटपात गेले आणि चन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली. तळं मात्र कुणी बुजवलं नाही. बसवण्णांच्या विचारात या दोन्ही गोष्टींना जागा होती. अंगमेहनतीचं कायक हवं, आणि त्यातून आलेलं समाजाकडे परत वळवणारा दासोहही हवा.

तळं खोदणाऱ्यालाही ज्या गावात असा जाब विचारला गेला, त्या गावात तळं उपसणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीबद्दल बोलायला हरकत नसावी.

सोलापूरच्या पावसाची वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. उसाला त्याच्या तिप्पट-चौपट पाणी लागतं. तरीही राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा हाच. संख्या तिसाच्या पुढे. हा चमत्कार उजनीचा. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. निम्म्याहून जास्त पाण्याला मृत म्हणणारं धरण आणि त्या मृतावर जगणारा जिल्हा! उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की इथल्या बातम्यांत उजनी ‘उणे’ टक्क्यांत मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली. पाण्याच्या अभावाची अशी रोजची आकडेवारी वाचणाऱ्या लोकांना वैशेषिकांचा सातवा पदार्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात आणखी एक आकडा आहे: उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी. स्कूटरमध्ये पाच लिटर पेट्रोल भरलं तर त्यात एक लिटर इथेनॉल. ते उसाचं असेल, तर त्या एका भरण्यामागे शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर या सरकारी निकषाने एका माणसाचं तीन आठवड्यांचं पाणी. सोलापूर शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय लोकांनी वर्षानुवर्षं अंगी बाणवली आहे, हे लक्षात घेतलं की हा हिशेब घशात अडकतो.

पण हा आकडा फेकून वाद जिंकायची घाई करू नये. मळीपासून इथेनॉल काढलं तर त्या पाण्याचा मोठा वाटा आधीच साखरेच्या नावे पडलेला असतो. ऊस साखरेसाठी लावला, गाळला, साखर काढली, खाली काळी चिकट मळी उरली. ती ओढ्यात सोडण्यापेक्षा तिचा अर्क काढलेला बरा, यावर कुणाचंही दुमत होणार नाही. इथे आपल्या परंपरेतली एक जुनी कल्पना उपयोगी पडते: शेष. यज्ञात आहुती दिल्यावर उरलेलं खावं, अतिथीला वाढून उरलेलं गृहस्थाने घ्यावं. घेण्यात दोष नाही, क्रम चुकवण्यात आहे. त्या कसोटीवर सी-हेवी मळी, जिच्यातून साखर काढायची तेवढी काढून झाली आहे, ती खरी शेष. बी-हेवी म्हणजे ताटावरून थोडं आधी उठवलेलं. आणि उसाचा रस थेट भट्टीत घालणं म्हणजे नैवेद्य दाखवण्याआधीच ताट चुलीत. सरकारी भावाची शिडी मात्र उलटी उभी आहे. २०२४-२५ मध्ये सी-हेवीला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे, बी-हेवीला ६० रुपये ७३ पैसे, रसाला ६५ रुपये ६१ पैसे. अर्थशास्त्राने हे बरोबर आहे, कारण जितकी साखर सोडली तितकी भरपाई. पण अन्नापासून जितकं जवळ जाऊन जाळाल तितका भाव जास्त, असा त्याचा दुसरा अर्थही निघतोच.

शेषाचं आणखी शुद्ध उदाहरण चिपाडाचं. रस काढून उरलेलं चिपाड बॉयलरमध्ये जाळून कारखाने वीज करतात. कुमठ्याच्या सिद्धेश्वर कारखान्याची सहवीजनिर्मितीची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, कारण ती विमानतळाच्या वाटेत येत होती. चिमणी की विमान, यावर शहर कित्येक वर्षं दोन तट पडून भांडत होतं. अखेर विमान जिंकलं.

शेतकऱ्याच्या अंगणातून हे सगळं वेगळं दिसतं, आणि तेही सांगायला हवं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचा पैसा चौदा दिवसांत मिळायला हवा. साखर गोदामात पडून राहिली की तो महिनोन् महिने मिळत नसे. एफआरपीच्या, म्हणजे उसाच्या ठरवून दिलेल्या रास्त दराच्या, थकबाकीसाठी आंदोलनं होत. इथेनॉलचा पैसा तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतो, त्यामुळे बिलं वेळेवर निघू लागली. आयातीत तेलावर जाणारं एक लाख कोटींहून अधिक परकीय चलन वाचलं, असं सरकार सांगतं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात राखणाऱ्याला पाण्याचं पाप शिकवायला शहरातून जाणाऱ्यांनी आधी हेही बघावं, की ज्वारी करणाऱ्याला कुठल्या बाजारात हमखास गिऱ्हाईक मिळतं. उसाला कारखाना आहे, ठरलेला भाव आहे, कर्ज आहे. आळस म्हणून कुणी ऊस लावत नाही.

सहकारी कारखान्यांवरचा आयकराचा जुना वादही याच जातीचा होता. कारखान्यांनी सभासदांना ठरलेल्या किमान भावापेक्षा जास्त भाव दिला, तो खर्च की नफ्याची वाटणी? आयकर खातं म्हणे नफा, म्हणून कर भरा. सभासद म्हणत, आमच्या उसाचा दाम. मालक आणि माल घालणारा एकच माणूस असला की दाम कुठे संपतो आणि नफा कुठे सुरू होतो, हा प्रश्न नुसता हिशेबनिसाचा राहत नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पाने २०१६-१७ या आकारणी वर्षाच्या आधीची ती रक्कम खर्च म्हणून धरायची मुभा दिली. दिलासा सुमारे १० हजार कोटींचा, असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं. इथे कर सोडला म्हणावं, की मुळात लागू नसलेला मागे घेतला म्हणावं? प्रध्वंसाभाव की अत्यंताभाव, म्हणजे मुळातच नसणं? वैशेषिकाला सुद्धा चार्टर्ड अकाउंटंट लागला असता.

आता कौल. मराठीत या शब्दाला दोन अंग आहेत: राजाने रयतेला दिलेलं लेखी आश्वासन, आणि देवाने भक्ताला दिलेलं उत्तर. दोन्हींत अपेक्षा एकच, दिलेला शब्द फिरू नये. इंधनाच्या बाबतीत दिल्लीचा कौल अनेकदा फिरला आहे. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासाठी १९४८ सालीच कायदा झाला होता. तो २००० मध्ये कालबाह्य म्हणून रद्द केला, आणि लगेच २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि बरेलीजवळच्या आंवल्याला तोच प्रयोग नव्याने सुरू झाला. २०१५-१६ च्या हंगामासाठी इथेनॉलवरचं उत्पादन शुल्क माफ झालं. ऑगस्ट २०१६ मध्ये माफी काढून घेतली. सगळ्यात मोठा धक्का ७ डिसेंबर २०२३ चा. पाऊस कमी, साखर कमी पडण्याची भीती, निवडणुका तोंडावर. उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी आली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारणारे हवालदिल झाले. आठवड्याभरातच १७ लाख टन साखरेएवढी मर्यादा घालून बंदी सैल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती पूर्ण उठली.

त्या आदेशावर कारखानदार चिडले ते समजण्यासारखं आहे. पण तत्त्वाच्या अंगाने पाहिलं, तर त्या एका आठवड्यात राज्यसंस्थेने एक कबुली दिली. पोटातला अग्नी आणि इंजिनातला अग्नी यांत आधी कोण, हे तिला पक्कं माहीत होतं. सुकाळात ती ते विसरते. खोट होती ती वेळेची. आधी अन्न, मग इंधन ही अट कौलाच्या पहिल्याच ओळीत लिहिली असती, तर पाऊस हुकलेल्या वर्षी शब्द फिरवायची पाळी आली नसती आणि बँकेच्या दारात कुणी तोंडघशी पडलं नसतं.

सोलापूरचे लोक दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत कौल मागतात, त्याला भाकणूक म्हणतात. होम झाल्यावर दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढ्यात धान्य, गूळ वगैरे मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं की शांत राहतं, मुततं की नाही, यावरून वर्षाचं पाऊसपाणी आणि महागाई सांगितली जाते. पेट्रोलियम मंत्रालयाचं धोरण यापेक्षा शास्त्रीय पायावर असेल, यात शंका नाही.

आणि दामाजीचं कोठार? ते आज भारतीय अन्न महामंडळाकडे आहे. तिथला तांदूळ इथेनॉलसाठी दिला जातो. जुलै २०२३ मध्ये हा पुरवठा थांबवला होता. मग पुन्हा सुरू झाला आणि ५२ लाख टनांची तरतूद झाली. जानेवारी २०२५ मध्ये डिस्टिलरींसाठी भाव ठरला क्विंटलला २२५० रुपये, म्हणजे किलोला साडेबावीस. खरेदी, वाहतूक, साठवण धरून तोच तांदूळ सरकारला किलोमागे चाळीस रुपयांच्या घरात पडतो. मधले सतरा-अठरा रुपये कुठे आहेत? तिजोरीत नाहीत, विवरणात ठळक नाहीत. नसण्याच्या रकान्यात आहेत. कोठार ओसंडून वाहतंय, उंदरांनी खाण्यापेक्षा इंधन झालेलं काय वाईट, असं समर्थन आहे आणि ते अगदीच फोल नाही. ८० कोटी लोकांना मोफत धान्य देऊनही साठा उरतो. तरी फरक राहतोच. दामाजीने दार उघडलं ते भुकेल्यांसाठी, आणि तरीही पूर्ण दाम मोजला गेला. इथे दार मोटारींसाठी उघडतं आणि दाम निम्मा. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्काचे विशेष प्रतिनिधी जाँ झिग्लर यांनी अन्नपिकांपासून इंधन करण्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं होतं. तो शब्द फार मोठा झाला. मंगळवेढ्याच्या मापाने एवढंच विचारावं, की पावती कुठे आहे.

मंगळवेढ्याची खरी ओळख मात्र उसाची नाहीच, ज्वारीची आहे. काळ्या कसदार रानात, पावसाने मुरवलेल्या ओलीवर, एकही पाटपाणी न घेता येणारी रब्बी ज्वारी. या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मालदांडीचं एम ३५-१ हे नामांकित वाण याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेलं. माणसाला भाकरी, जनावराला कडबा, हुरड्याच्या दिवसांत पाहुणचार. इंधनाच्या शर्यतीत तिची गणतीच नव्हती असंही नाही. माळशिरसच्या हद्दीपलीकडे फलटणला, बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत गोड ज्वारीवर काम झालं. कणसाला धान्य, ताटाच्या रसापासून इथेनॉल, उरलेल्या चिपाडाला चारा, असं एकाच झाडात तिन्ही बसवणारं ‘मधुरा’ नावाचं वाण तिथे घडलं, डॉ. अनिल राजवंशी यांनी त्या इथेनॉलवर चालणारे दिवे आणि शेगड्याही केल्या. अन्न आणि इंधन यांतला क्रम तिथे झाडाने स्वतःच लावला होता. कणीस खुडून घरात, मग ताट गाळायला. पण तिच्यामागे कारखाना नव्हता, चेअरमन नव्हते, संचालक मंडळाची निवडणूक नव्हती. तिला कौल मिळाला नाही.

सध्या वारं पुन्हा फिरलं आहे. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी वाटून दिलेल्या इथेनॉलच्या कोट्यात साखरेचा वाटा तीस टक्क्यांच्याही आत आला. बाकी धान्याचं, त्यातही मक्याचं जास्त. बी-हेवी आणि रसाच्या इथेनॉलचे भाव २०२२-२३ पासून तिथेच आहेत, तर उसाची एफआरपी ३०५ वरून ३५५ रुपये क्विंटल झाली. मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांसाठी आणखी एक व्याज सवलत योजना आली: उसाच्या डिस्टिलरीत मकाही चालेल असे बदल करा. ज्यांनी २०१८ नंतर कर्ज काढलं त्यांच्या पाच वर्षांच्या सवलती संपत आल्या किंवा संपल्या. भट्ट्या वर्षातले बरेच महिने थंड असतात. परिहार दिला, पण कोश ना सरकारचा भरला ना कारखान्याचा, अशी अवस्था काही ठिकाणी दिसू लागली आहे.

उजनीच्या पाण्याची वाटणी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. किती आवर्तनं, कोणत्या तारखेपासून, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचणार की नाही, यावर दर वर्षी तिथे आवाज चढतात. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पाण्याच्या रांगेत पिण्याच्या मागे उद्योगाला उभं केलं होतं आणि शेतीला त्याच्या मागे. आरडाओरडा झाल्यावर २०११ मध्ये शेतीला पुढे आणून उद्योगाला मागे सारलं. रानात उभा असेतो ऊस शेती म्हणून दुसऱ्या नंबरावर पाणी पितो. मोळी बांधून ट्रॉलीत पडला आणि फाटकातून आत गेला की उद्योग होतो आणि वर्षाअखेर पेट्रोलपंपावर निघतो. त्याला सोडलेलं आवर्तन शेतीच्या नावावर लिहायचं की इंधनाच्या, हे ना जलनीतीत लिहिलं आहे, ना अर्थसंकल्पाच्या विवरणात.